कोलकाता : कामापुरतं गेलो, जीव लावून बसलो

गाठोडं

मंडळी, मी टॉवेलच्या धंद्यातला. कारखाना माझा नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल दिसावरला विकतो. नमुने दाखवायचे, ऑर्डर घ्यायची, थकलेलं पेमेंट गोड बोलून काढायचं. कोलकाता माझ्या वाट्याला आलं ते बाकी कुणाला नको होतं म्हणून. घामानं जीव जातो, ताटात मासा असतो आणि पैशाचं विचारलं की पार्टी ‘पुजो (म्हणजे दुर्गापूजा) होऊ द्या’ म्हणते, असं आधीच्या माणसानं बजावून सांगितलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तरी आजवर पाहिलेल्या मोठ्या शहरांत जीव जडला तो तिथंच. असं का व्हावं, यावर बरेच दिवस डोकं चालवतोय.

मला वाटतं, पुणं-मुंबई आपल्याला नीट बघताच येत नाही. सोलापूरच्या माणसाला ती गावं गरजेची. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं ते इंटरव्ह्यूला, ॲडमिशनला, नाहीतर मोठ्या डॉक्टरला दाखवायला. सिद्धेश्वरनं मुंबईला जायचं ते मंत्रालयात कागद अडकला म्हणून. बगलेत फाइल धरून राजाबाई टॉवर बघणारा माणूस मी तरी पाहिला नाही. शिवाय ‘कुठले? सोलापूर? बरं बरं’ यातलं ते दुसरं ‘बरं’ आपल्याला बरोबर ऐकू येतं. कोलकात्याला माझ्याकडून काही नको असतं, आणि पेमेंट सोडलं तर मलाही त्याच्याकडून काही नको असतं. त्यामुळं मान वर करून बघता येतं.

काम बडाबाजारात. बाहेरून पडायला आलेली वाटावी अशी इमारत, आत शिरलं की कटरा. जिन्यावर जिना, मजल्यामजल्याला गाळे, गाळ्यात पांढऱ्या चादरीची गादी आणि गादीवर शेठ. खाली गल्लीत डोक्यावर गाठी घेतलेले हमाल. त्यांना तिकडं मुटे म्हणतात. हे लोक चालत नाहीत, बारीक पावलांनी पळतात. तोंडानं वाट मागत येतात, आणि तुम्ही सरकला नाहीत तर गाठ सरकत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

तिथल्या एका म्हाताऱ्या शेठनं माझा सगळ्यात भारी टॉवेल हातात घेतला, दोन बोटांत धरून चुरला, उलटा करून लूप बघितले आणि म्हणाला, “माल चोख आहे. पण आमच्या हवेत हा वाळणार कधी?” सोलापुरात टॉवेल दोरीवर टाकावा, चहा प्यावा, तोवर कडक. तिथं जुलैत दोन दिवस ओलाच. “सकाळी घाटावर जाऊन बघ, लोक अंग कशानं पुसतात ते,” म्हणाला.

गेलो. मल्लिक घाट, हावडा पुलाच्या अगदी पायथ्याशी. वरच्या अंगाला फुलांचा ठोक बाजार, झेंडूच्या माळांची वेटोळी खांद्यावर घेऊन माणसं चाललेली, पायाखाली तुडवलेल्या फुलांचा चिखल. खाली पायऱ्यांवर लोक हुगळीत बुडी मारून वर येत होते. प्रत्येकाकडं तोच तांबड्या चौकटीचा पातळ गमछा. त्यानंच अंग पुसायचं, तोच गुंडाळून कपडे बदलायचे, पिळायचा, एक झटका द्यायचा आणि खांद्यावर टाकून चालू लागायचं. घर येईस्तोवर वाळत असणार. मी, टॉवेल विकणारा माणूस, पायरीवर बसून तासभर गमछे बघत होतो. डोक्यावर तो अजस्र पूल आणि त्यावरून धडधडत जाणाऱ्या बसेस. पुढच्या खेपेला कमी जीएसएमचा (म्हणजे कमी वजनाच्या कापडाचा) हलका माल नेला आणि तो खपला, हा झाला धंद्याचा भाग. पण त्या सकाळपासून काम संपलं की मी हॉटेलवर न जाता भटकतो.

तुमचंही असं कुठलं मोठं शहर आहे का? कुठलंही चालेल. कोलकात्याला जाऊन आलेले असाल तर आधी बोला.

सातरस्ता

काय बे गाठोडं, टॉवेल विकायला गेलास आन् गमछ्याच्या प्रेमात पडलास व्हय. मालकाला दाखवू का हे?

ते पुलाचं खरं हाय का, नट-बोल्ट नाहीत म्हणे त्याला?

रूळकरी

खरं आहे. सगळं काम रिव्हेटचं. सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं. १९४३ च्या फेब्रुवारीत उघडला तेव्हा महायुद्ध चालू होतं. जपानी विमानांच्या धास्तीनं समारंभबिमारंभ काही झाला नाही. पुलावरून पहिलं वाहन गेलं ते ट्राम. १९६५ ला नाव रवींद्र सेतू झालं, पण म्हणतात हावडा ब्रिजच.

सातरस्ता, तुमच्यासाठी खास माहिती. या पुलाला जपानी बॉम्बनं काही झालं नाही, पण पान खाऊन थुंकणाऱ्यांनी त्याला आणलं जेरीस. पादचारी मार्गाच्या बाजूला वरून खाली आलेले जे पोलादी हँगर आहेत, त्यांच्या बुडाशी इतकं थुंकलं गेलं की चुना आणि लाळेनं तिथलं पोलाद गंजून झिजलं. शेवटी पोर्ट ट्रस्टनं फायबरग्लासची आवरणं बसवली.

सातरस्ता

मावा सोडूलालो मी. ह्यो प्रतिसाद बायकोनं बी वाचला.

बाराखडी

सुंदर लिहिलंय. मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या पिढीचं कलकत्ता (तेव्हा हेच नाव) बंगाली कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांतून झालं. गल्ल्या, गच्च्या, गंगेचा घाट, मेसमध्ये राहणारे विद्यार्थी. शाळेच्या वाचनालयातल्या त्या पिवळ्या पानांवर आम्ही अख्खं शहर उभं केलं होतं. प्रत्यक्षात गेले ते साठी उलटल्यावर, लेकीबरोबर. धाकधूक होती की आता मोडतोड होणार. पण उत्तर कोलकात्यात शोभाबाजार, बागबाजारच्या गल्ल्यांतून हिंडले तेव्हा हिरव्या झडपांच्या खिडक्या, घरापुढचे चौथरे आणि त्यावर पेपर उलगडून वाद घालत बसलेली म्हातारी मंडळी, सगळं जागच्या जागी होतं. त्या चौथऱ्याला तिकडं ‘रॉक’ म्हणतात आणि तिथं तासन्‌तास चालतो तो ‘अड्डा’. आपल्याकडे पारावर बसणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतात. तिथं डॉक्टर, वकील, मास्तर मान ताठ ठेवून बसतात.

सोलापूरकरांनी एक मात्र चुकवू नये : एल्गिन रोडवरचं नेताजी भवन. १९४१ च्या जानेवारीत ज्या गाडीतून सुभाषबाबू नजरकैदेतून निसटले ती वाँडरर गाडी तिथं ठेवली आहे. सगळे तिचे फोटो काढतात. मला मात्र तिथं आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. १९३८ साली चीनला वैद्यकीय पथक गेलं ते काँग्रेसतर्फे, आणि त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते. पाच डॉक्टर : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. शेवटचे दोघे कलकत्त्याचे. कोटणीस तिकडेच १९४२ साली गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. डॉ. बसू परत आले आणि पुढे त्यांनी कोलकात्यात ॲक्युपंक्चर रुजवलं. भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज जातो, पण त्या गोष्टीचं दुसरं टोक तिकडं आहे हे डोक्यात येत नाही.

गाठोडं

बाई, हे माहीतच नव्हतं. नेताजी भवन नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, त्यावरून किती वेळा गेलोय. आता उतरीन.

कडकभाकरी

खाण्याचं कुणी बोलेना, म्हणून मी बोलतो. बिर्याणीत बटाटा! पहिल्यांदा वाटलं मटण कमी पडलं म्हणून भरती केली. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, आधी खा, मग बोल. अख्खा उभा बटाटा, आतपर्यंत केशराचा रंग नि मटणाचा रस. मटण राहिलं बाजूला, मी दुसरा बटाटा मागितला. अवधचे नवाब वाजिद अली शहा १८५६ मध्ये गादी गेल्यावर मटियाबुर्जला येऊन राहिले, त्यांच्या खानसाम्यांनी ही पद्धत आणली म्हणतात. बटाटा काटकसर म्हणून आला की त्या वेळी नवलाईचा म्हणून, यावर तिथं हमखास भांडण लागतं. लावून द्यायचं आणि आपण खात बसायचं.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. बडाबाजारात सगळा मारवाडी कारभार, कचोरी-जिलबी मुबलक. सकाळी कोचुरी आणि पातळ बटाट्याची भाजी. डेकर्स लेनमध्ये ऑफिसवाल्यांबरोबर उभ्यानं जेवायचं. हिवाळ्यात गेलात तर नोलेन गुडाचा संदेश, म्हणजे तिकडची छेन्याची मिठाई. हा गूळ खजुराच्या झाडाच्या रसाचा, थंडीतच निघतो. फ्रिजमधला उन्हाळ्यात घेऊ नका, पैसे वाया.

तक्रार एकच. तिखट! झणझणीत म्हणून जे काही दिलं ते आपल्याकडं बाळंतिणीला चालेल. मी शेंगाचटणीची पुडी घेऊनच गेलो होतो. झालमुडीवाल्याला (झालमुडी म्हणजे तिकडची मुरमुऱ्यांची भेळ) दिली चिमूटभर, त्यानं खाल्ली आणि मुडी कालवायच्या डब्यात आणखी टाक म्हणाला.

पूर्वभागी

मी विणकराच्या घरची. आजोबांचा हातमाग होता, वडिलांचे यंत्रमाग. त्यामुळं कुठल्याही गावात गेलं की माझे डोळे आधी कापडावर जातात. गरियाहाटच्या फूटपाथवर तांतच्या, म्हणजे तिकडच्या सुती साड्यांचे ढीग. दुकानदारानं एक उलगडली तर कागदासारखी करकर वाजली. आमच्याकडं सायझिंग कशाचं, कांजी किती, यावर घरात वाद व्हायचे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, सुताला भाताच्या लाह्यांची खळ आहे. मी साडी नाकाशी धरली तर खरंच लाह्यांचा वास! तो हसायलाच लागला. मग मी आमच्या घरच्या मागाचं सांगितलं, तर त्यानं गिऱ्हाईक सोडून मला जामदानी दाखवायला घेतली. एकेक बुट्टी हातानं भरलेली. घ्यायची ऐपत नव्हती, हे त्याला पण कळत होतं आणि मला पण. तरी अर्धा तास दाखवत होता.

गाठोडं म्हणतात ते पटतं, पण बाईमाणसाचं भटकणं वेगळं असतं हेही लिहिते. ट्राममध्ये, मेट्रोत, कॉलेज स्ट्रीटवर मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. दीदी म्हणून जागा देतात. पण म्हणून ते शहर बायकांसाठी स्वर्ग आहे असं कुणी लिहू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका डॉक्टर मुलीवर हॉस्पिटलमध्येच अत्याचार करून खून झाला आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्री त्याच शहरातल्या बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. पाहुण्याला शहराची दुपार दिसते. रात्रपाळीवरून घरी जाणारीला ते वेगळंच दिसत असणार.

आणि तो हातरिक्षा. माणसानं ओढायचा. मला बसवेना. कुणी बसलंय का? काय केलंत?

गाठोडं

मी पण सुरुवातीला बसत नव्हतो. एकदा पावसात गुडघाभर पाणी साचलं. तिथल्या सखल गल्ल्यांत हे नेहमीचंच. टॅक्सी यायला तयार नाही, हातात नमुन्यांची बॅग. रिक्षावाल्यानं घंटी वाजवून विचारलं, मी मान हलवली. तो म्हणाला, “तुम्हाला दया येते, मग मी खाऊ काय?” बसलो. उतरल्यावर जास्तीचे पैसे द्यायला लागलो तर त्यानं ठरल्यापेक्षा एक रुपया घेतला नाही. सरकारनं बंदी आणायचा प्रयत्न केला, पण कोर्टकचेरीत अडकलंय आणि गाडे चालूच आहेत. ओढणारे बहुतेक बिहारचे. बसावं की बसू नये याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण कुणी हौसेनं फोटोसाठी बसतं तेव्हा माझं डोकं फिरतं.

सातरस्ता

माझा चुलता गिरणीत होता. जुनी मिल बंद पडल्यावर भाजी विकला. त्यो म्हणायचा, काम कसलं का असंना, ‘बिचारा’ म्हणणाऱ्याचा लई राग येतो. म्या असतो तर बसलो असतो आन् वाटंत गप्पा हाणल्या असत्या.

न्यूटाऊनकर

मूळचा विजापूर रोडचा, गेली काही वर्षं कोलकात्यात नोकरी. तुम्हा सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, थोडी चिडचिडही झाली. इथं मी पाहुणा नाही. मला वीजबिल येतं.

तुम्ही येता डिसेंबर-जानेवारीत नाहीतर कामाचे चार दिवस. २० मे २०२० ला अम्फान चक्रीवादळ आलं तेव्हा मी इथं होतो. रात्रभर वारा असा की खिडकीची काच आत-बाहेर श्वास घेताना दिसत होती. सकाळी रस्त्यावर आडवी झाडं, विजेच्या तारांत गुंतलेली. आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, पाणी नव्हतं, फोनला रेंज नव्हती, आणि लॉकडाऊन तर चालूच होता. एप्रिलमध्ये काळबैसाखीची वादळं येतात ती मात्र आवडतात. दुपारी आकाश काळंनिळं होतं, धूळ उठते आणि अर्ध्या तासात गारवा. सोलापूरच्या वळवाची आठवण येते.

आता गाठोडं यांच्या मुद्द्यावर. ‘कोलकात्याला आपल्याकडून काही नको’ हे खरं, पण ते असं का, याचा विचार करा. हुगळीच्या दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्या होत्या. त्यातल्या कितीतरी बंद, उरल्यात त्या रडतखडत. कंपन्यांची मुख्य कार्यालयं एकेक करून निघून गेली. माझ्या सोसायटीत बहुतेक घरांत आई-वडील दोघंच. पोरं बंगळूरला, हैदराबादला आणि चक्क पुण्यात, हिंजवडीला. तुम्हाला जो निवांतपणा दिसतो तो पुष्कळदा काम नसल्याचा निवांतपणा आहे. सोलापूरकराला हे सांगायची वेळ यावी याचं नवल वाटतं. आपल्याकडच्या मिलच्या चिमणीचे कुणी बाहेरचा येऊन फोटो काढू लागला तर आपल्याला कसं वाटेल?

गाठोडं

न्यूटाऊनकर, तुमचं म्हणणं खोडून काढायचं नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

मला कोलकाता आवडलं ते गरीब आहे म्हणून नव्हे. गिरण्या गेल्या, राजधानी तर १९११ लाच दिल्लीला न्यायची ठरली, सगळं गेलं. तरी ते गाव मान खाली घालून बसलेलं नाही. कॉलेज स्ट्रीटला बघा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या, त्यांत फक्त पुस्तकं. एका टपरीवाल्याकडं टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक मागितलं. त्याच्याकडं नव्हतं. त्यानं पोऱ्या पळवला, चार टपऱ्या पलीकडून मागवलं, मला स्टुलावर बसवून मातीच्या भांड्यातून चहा दिला आणि तोवर सुलझर लूम नि रेपियर लूम या दोन मागांत फरक काय ते माझ्याकडून समजून घेतलं. पुस्तक आलं, जुनंपानं, मला नको असलेली आवृत्ती. घेतलं तरी. समोर वर कॉफी हाऊस. तुरेवाल्या फेट्यातले वेटर, पंखे उंच छतावरून लांब दांड्यांना लटकलेले, आणि एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. कॉफी यथातथाच असते, खरं सांगायचं तर.

आपण सोलापूरकर मात्र आपल्या गावाबद्दल बोलताना आधी माफी मागतो. ‘काही राहिलं नाही हो आता’ हे आपलं पहिलं वाक्य. १९३० ला या गावानं इंग्रजांना असं हाकललं की मार्शल लॉ लावावा लागला, चौघं हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, त्यांच्या नावाच्या गाडीनं आपण पुण्याला जातो आणि तिथं उतरल्यावर गावाचं नाव हळू आवाजात सांगतो. कोलकात्याच्या माणसाला त्याच्या गावाविषयी विचारून बघा. तो तक्रारी सांगेल, सरकारला शिव्या देईल, पण हळू आवाजात नाही. मला ते हवंहवंसं वाटतं.

आणि मिलच्या चिमणीचे फोटो कुणी काढले तर मला आनंद होईल. आधी दोन भाकरी खायला घालीन, मग चुलत्याच्या गोष्टी ऐकायला सातरस्ताकडे पाठवीन.

सातरस्ता

पाठव की. चुलता नाही आता, पन गोष्टी हायेत.

रूळकरी

ट्रामबद्दल लिहितो, कारण जाणार असाल तर लवकर जा. १८७३ साली घोड्यांची सुरू झाली, १९०२ ला विजेवर आली. आता मार्ग बोटावर मोजण्याएवढे उरलेत. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा एक वारसा मार्ग ठेवून बाकी बंद करणार. ट्रामप्रेमी हायकोर्टात भांडताहेत. मी श्यामबाजारच्या बाजूला बसलो होतो. ड्रायव्हर पायानं घंटा ठोकतो, टण्‌ टण्‌, आणि समोरचा भाजीवाला निवांत टोपली उचलून रुळावरून बाजूला होतो, ट्राम गेली की परत ठेवतो. शेजारून सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. कंडक्टरनं पातळ कागदाचं तिकीट फाडून दिलं, ते अजून पाकिटात आहे. तोट्यात असणार, वाहतूक अडवत असणार, सगळं मान्य. पण आपल्या गावात सिटी बसची वाट बघून पाहिलेल्या माणसाला वाटतंच की जे चालतंय ते कशाला मोडता.

उलट टोकाची गोष्ट म्हणजे मेट्रो. देशातली पहिली, २४ ऑक्टोबर १९८४. आणि १५ मार्च २०२४ पासून हावड्याहून एस्प्लनेडला नदीच्या खालून जाते. नदीखालचा पट्टा साधारण ५२० मीटर, पाऊण मिनिटात संपतो. तेवढ्यात बोगद्यात निळे दिवे दिसतात, ते दिसले की डोक्यावर हुगळी आहे असं समजायचं. डबाभर लोक मोबाइल काढतात. रोजचे प्रवासी मात्र ढिम्म.

माझा सल्ला : येताना मेट्रो घ्या, जाताना फेरी. हावडा स्टेशनच्या समोरच धक्का आहे. चहाच्या पैशात नदी ओलांडता येते. पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सीतही एकदा बसून घ्या. गाडीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या टॅक्सी बंद करायच्या नियमानं उरलेल्याही भराभर रस्त्यावरून जाताहेत.

पूर्वभागी

मराठी म्हटल्यावर कुणी काही बोललं का तुम्हाला? मला एका आजींनी हसत हसत ‘बर्गी’ म्हटलं होतं.

बाराखडी

अगं, ती जुनी जखम आहे. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर येत होत्या. बारगीर स्वार, म्हणून बर्गी. गावं लुटली, जाळली. बाळाला झोपवायच्या तिथल्या अंगाईत अजून बर्गी येतात. मराठ्यांना अडवायला १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्ध्यावरच राहिला. पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अशी गल्ली आजही आहे, मी पाटीपाशी उभी राहून फोटो काढलाय. शाळेत अटकेपार झेंडे शिकवताना हे पान मी कधी शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं. परगावी गेल्यावर आपला इतिहास दुसऱ्याच्या अंगणातून दिसतो, तसा तो बघावा.

दुसरी बाजूही आहे. सखाराम गणेश देउस्कर मराठी घरातले, लिहिलं बंगालीत, आणि स्वदेशी चळवळीत बंगाली तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

सातरस्ता

ते नागपूरकर. आपला संबंध न्हाई. आपण फक्त टॉवेल नेतो.

न्यूटाऊनकर

हाहा. इथल्या ऑफिसात मला पहिल्या दिवशी हेच ऐकवलं होतं, मी पण नागपूरवरच ढकललं.

गाठोडं, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पूर्ण पटलं नाही, पण परवा रविवारी बायको-मुलीला घेऊन कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत गेलो. इतकी वर्षं राहून गेलो नव्हतो, कारण ‘आहेच की इथं’. आधी पेंढ्याचा सांगाडा सुतळीनं आवळतात, मग त्यावर माती. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही बाजूंनी बिनमुंडक्याच्या देवी आणि मधून आपण अंग चोरून जायचं. एक कारागीर नुसती बोटं करत बसला होता. समोर फळीवर ओल्या मातीची शे-दीडशे बोटं मांडलेली, वाळत. मुलगी तिथून हलेना. तेवढ्यापुरता मी पाहुणा झालो असं म्हणा हवं तर. सोमवारी पुन्हा सेक्टर फाइव्हच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्या धाग्याला शिव्या देत होतो.

कडकभाकरी

यंदा पुजोला जायचा विचार आहे, घरचे चौघं. युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून (२०२१ ना?) गर्दी वाढली म्हणे. सोलापूरहून सोयीची गाडी कुठली? आणि लहान मुलांना झेपेल का?

न्यूटाऊनकर

हो, डिसेंबर २०२१. मुलांना घेऊन सप्तमी-अष्टमीच्या रात्री मोठ्या मंडपांना जाऊ नका, चेंगराल. पंचमी-षष्ठीला जा, मूर्ती, सजावट सगळं तयार असतं. नाहीतर पहाटे. उत्तरेतल्या जुन्या वाड्यांतल्या पूजा दिवसा बघा, तिथं शिस्त असते. पाण्याची बाटली आणि मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. हॉटेल आत्ताच धरा, मेट्रोच्या उत्तर-दक्षिण मार्गालगत मिळालं तर उत्तम. त्या दिवसांत टॅक्सीचा भरवसा नाही.

रूळकरी

गाडीचं : सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेसनं भुवनेश्वर, तिथून हावड्याच्या गाड्या रग्गड. वाटेत पुरी करता येते, म्हणून घरच्यांबरोबर हाच मार्ग बरा. दुसरा पर्याय सिकंदराबादला जाऊन फलकनुमा. तिसरा पुण्याहून आझाद हिंद, पण त्यासाठी आधी उलटं पुण्याला जायचं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. पुजोच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, तेव्हा आठच्या आधी लॉगिन करून बसा. चौघांची नावं मास्टर लिस्टमध्ये आदल्या रात्रीच भरून ठेवा.

कडकभाकरी

धन्यवाद. कोणार्क बघतो. शेंगाचटणी दोन किलो नेणार आहे, न्यूटाऊनकर, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.